‘हॅव हॅड’ आणि ‘हॅड हॅड’ नेमकं कधी वापरायचं?

आधी तुमच्या प्रश्नापुरतं. पहिला हॅव किंवा हॅड काळ दाखवतो, दुसरा हॅड हे खरं क्रियापद. ‘आय हॅव हॅड टी’ म्हणजे माझा चहा झालाय. ‘आय हॅड हॅड टी व्हेन ही केम’ म्हणजे तो आला त्याच्या आधीच झाला होता. दोनदा आलं म्हणून बिचकू नका, आपणही ‘काम होत होतं’ म्हणतोच की.

पण या हॅडने माझी एकदा भर मीटिंगमध्ये शोभा केली आहे, म्हणून लिहायला बसलो.

२००९ साल. कुरकुंभ एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत मी शिफ्ट इनचार्ज. रात्रपाळीत रिॲक्टरचं तापमान चढायला लागलं, आम्ही स्टीमचा व्हॉल्व्ह बंद केला आणि मी लॉगबुकात लिहिलं, ‘वुई हॅड क्लोज्ड द स्टीम व्हॉल्व्ह ॲट २.१०’. पुढच्या महिन्यात जर्मन गिऱ्हाइकाचं ऑडिट. ऑडिटरने नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘बिफोर व्हॉट?’

मला कळेचना. कशाच्या आधी म्हणजे? दोन दहाला बंद केला, विषय संपला. त्याला मात्र वास आला की ही नोंद त्या वेळी केलेलीच नाही, नंतर बसून रंगवली आहे. आणि लॉगबुक मागाहून लिहिणं म्हणजे आमच्या धंद्यात चोरीच. शेवटी तापमान नोंदवणाऱ्या रेकॉर्डरचा चार्ट काढला, दोन दहानंतर रेघ उतरलेली दिसली, तेव्हा सुटलो. अर्धा तास गेला. वर आमचे साहेब सगळ्यांसमोर हसून म्हणाले, ‘मराठी मीडियमची पोरं, सर.’

त्याच दिवशी समारोपाच्या मीटिंगमध्ये तो जर्मन म्हणाला, ‘आय हॅव सीन युवर वेअरहाऊस यस्टरडे.’ चूक! यस्टरडे आलं की हॅव चालत नाही. पण जर्मन माणूस बोलताना कालची गोष्टही हॅवच्या सख्ख्या भावाने, ‘हाबेन’ने, सांगतो, ते इंग्रजीत सांडलं. कोणी हसलं नाही. साहेब मान डोलावत होते. जेवताना त्यांनीच त्याला सांगितलं, ‘आय ॲम हॅविंग टू डॉटर्स.’

माझी चूकही अशीच घरून आलेली. ‘काल नाशिकला गेलो होतो’ म्हटलं की आपल्यासाठी वाक्य पुरं झालं. नुसतं ‘काल नाशिकला गेलो’ म्हटलं तर समोरचा ‘मग?’ म्हणून थांबतो. इंग्रजीत बरोब्बर उलटं. तिथे ‘वेंट’वर वाक्य संपतं आणि ‘हॅड गॉन’वर माणूस पुढचं ऐकायला थांबतो. हे मला शाळेत एकाही मास्तरांनी सांगितलं नाही. होतो म्हणजे हॅड, एवढंच घोकून घेतलं.

मुळात हॅवला मराठीत क्रियापदच नाही. मला भाऊ आहे, माझ्याकडे गाडी आहे, मला ताप आहे. ‘माझ्याकडे भाऊ आहे’ म्हटलं तर तो मुक्कामाला आलाय. आपण नातं आणि दुखणं ‘मला’ला लावतो, वस्तू ‘माझ्याकडे’ला, इंग्रज सगळं एकाच गोणीत भरतो. मग ज्याच्या भाषेत गोणीच नाही तो अडखळणार, त्यात मीडियम कुठून आलं?

तुम्हाला सल्ला एवढाच: वेळ किंवा दिवस लिहिला असेल आणि ती गोष्ट दुसऱ्या कशाच्या आधीची नसेल, तर हॅड काढून टाका. ‘वुई क्लोज्ड’. रजेच्या अर्जातही ‘आय हॅव अ फीव्हर’ लिहा, ‘ॲम हॅविंग’ नको. आणि कोणी हसलंच, तर त्याला मुली किती ते इंग्रजीत विचारा.

हां, हॅविंग दर वेळी चूक नसतं. जेवत असाल तर ‘आय ॲम हॅविंग लंच’ बरोबरच. आणि अमेरिकन माणूस ‘हॅव हॅड’च्या भानगडीत न पडता ‘आय ऑलरेडी एट’ म्हणून मोकळा होतो, तेही चालतं.

साहेब आता निवृत्त आहेत. दिवाळीनंतर ग्रुपवर त्यांचा फोटो आला, खाली ‘हॅड बीन टु काशी लास्ट वीक’. मी ‘बिफोर व्हॉट?’ पाठवलं. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.