वाचक विचारतात : हिशेब मागणे हा गर्व आहे का?

प्रश्न : यंदा मला आमच्या मंडळीच्या पंचकमिटीत घेण्यात आले. नाताळच्या जेवणासाठी जमलेल्या वर्गणीचा हिशेब मी बैठकीत विचारला, तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी सर्वांसमोर, "बाई, आधी नम्र व्हायला शिका," असे सुनावले. तेव्हापासून मी बोलतच नाही. गप्प राहणे म्हणजेच ख्रिस्ती नम्रता का?
— एक बहीण, यवतमाळ जिल्हा

उत्तर : ताई, नाही. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या 6 व्या अध्यायात ग्रीक बोलणाऱ्या विश्वासणाऱ्यांनी, रोजच्या वाटपात आमच्या विधवांची उपेक्षा होते, अशी कुरकुर केली. त्यांना गर्विष्ठ न ठरवता प्रेषितांनी त्या कामासाठी शिष्यांनाच सात माणसे निवडायला सांगितली. पौल यरुशलेमेतील गरिबांसाठी वर्गणी पोहोचवत होता, तेव्हा कोणी बोट ठेवू नये म्हणून त्याने सोबत इतर बांधव घेतले, हे करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या 8 व्या अध्यायात आहे. पौलाला ज्यात कमीपणा वाटला नाही, त्यात आपल्या खजिनदारांना का वाटावा? महायाजकापुढे चपराक बसल्यावर प्रभू येशूनेही, मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, बरे बोललो असेन तर मला का मारतोस, असे शांतपणे विचारले. त्याने उलट हात उगारला नाही, पण अन्याय मुकाट गिळलाही नाही.

मात्र आपण का विचारतो, हे स्वतःशी तपासावे. समोरचा उघडा पडावा अशी इच्छा मनात असेल, तर प्रश्न रास्त असूनही तो बिघडतो. म्हणून आधी त्या काकांच्या घरी जाऊन एकांतात बोला, वही सोबत बसून पाहण्याची तयारी दाखवा, आणि हिशेब चोख निघाला तर पुढच्या बैठकीत ते तुम्हीच मोठ्याने सांगा. हे शेवटचे काम सर्वांत अवघड आहे, आणि नम्रतेची खरी कसोटी मला तिथेच दिसते.

आता आपल्या मंडळ्यांविषयी थोडे स्पष्ट लिहितो. आपल्याकडे नम्रतेचा उपदेश बहुधा दुबळ्यालाच केला जातो, पण फिलिप्पैकरांस पत्राच्या 2 ऱ्या अध्यायात ज्याने स्वतःला रिक्त केले तो देवाच्या स्वरूपाचा होता. म्हणजे खाली उतरण्याची पहिली पाळी वर असलेल्याची. कापूस वेचून उशिरा उपासनेला आलेली बाई दाराशी, चपलांच्या शेजारी टेकते, तेव्हा कोणी सरकून सतरंजीवर जागा करत नाही. त्याच वेळी सरपंच आले, तर आतून खुर्ची येते. याकोबाने 2 ऱ्या अध्यायात सोन्याची अंगठी घातलेल्या पाहुण्याविषयी लिहिले ते नेमके हेच. नाताळच्या पंगतीत पंचांनी शेवटी बसावे, वरण संपले असेल तर तसेच जेवावे, आणि पत्रावळी उचलायला बायकांची वाट पाहू नये. वधस्तंभाच्या आदल्या रात्री प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, त्यात त्याला विश्वासघाताने धरून देणारा यहूदाही होता, हे ज्यांच्याशी आपला अबोला आहे त्यांना वाढताना आठवावे.

प्रश्न : उपासनेतील माझ्या गाण्याचे कौतुक झाले की मी "छे, मला कुठे गाता येते" म्हणतो, मनातून मात्र सुखावतो. हा ढोंगीपणा नाही का?
— एक तरुण, वर्धा जिल्हा

उत्तर : थोडासा आहे. रोमकरांस पत्राच्या 12 व्या अध्यायात पौल, स्वतःला योग्यतेपेक्षा अधिक न मानता मर्यादेने माना, असे सांगतो. असलेला गळा नाकारा, असे तो म्हणत नाही. "आभारी आहे" एवढे म्हणून पुढे व्हा. गायला धजत नसलेला एखादा मुलगा मंडळीत असेल, तर येत्या रविवारी एक गीत त्याला सुरू करू द्या, आणि त्याचा सूर चुकला तरी आपला आवाज चढवून त्याला झाकू नका.