‘टेस्टा रोसा’ : डोकं लाल की टोपी?

प्रश्न असा आहे : फेरारीच्या जुन्या शर्यतीच्या गाडीला ‘टेस्टा रोसा’ म्हणतात आणि एका मराठी लेखात त्याचा अर्थ ‘लाल डोकं’ असा दिला आहे. हे बरोबर का? आणि गाडीला डोकं कुठलं?

अर्थ बरोबर आहे, फक्त उच्चार इंग्रजीच्या वाटेने आलाय. इटालियन त दंत्य असतो, म्हणून ‘तेस्ता’. आपल्या लिपीत त आणि ट दोन्ही असताना आपण ट लिहितो, याचं मला नेहमी नवल वाटतं. दुसरा शब्द ‘रोस्सा’, जोड स लावून. ‘बटा’ आणि ‘बट्टा’ यांत जितका फरक, तितकाच इथे. एकेरी स घेतला तर ‘रोझा’च्या जवळचा उच्चार होतो आणि अर्थ होतो गुलाबी. इटलीच्या सायकल शर्यतीत आघाडीवर असणारा घालतो तो ‘रोझा’ जर्सी. तेव्हा ‘टेस्टा रोसा’ लिहिणाऱ्याने नकळत गुलाबी डोक्याची गाडी केली म्हणायची!

आता डोकं. गॅरेजमध्ये ‘हेड खोललं’, ‘हेड गॅस्केट गेलं’ असं आपण रोज ऐकतो. तेच हे हेड. सिलिंडरच्या वरचं झाकण, ज्यात व्हॉल्व्ह म्हणजे झडपा बसतात. इटालियन मेकॅनिकही त्याला ‘तेस्ता’ किंवा ‘तेस्ताता’ म्हणतो. मात्र लाल रंग हेडला नव्हताच. तो होता हेडवरच्या कॅमशाफ्टच्या, म्हणजे त्या झडपा उघडणाऱ्या दांड्याच्या, झाकणांना. आपल्याकडचे मिस्त्री ज्याला टॅपेट कव्हर म्हणतात ते. म्हणजे रंगली टोपी, नाव पडलं डोक्याला. गाडीचा रंग कुठलाही असो, बॉनेट उघडलं की नावाचा उलगडा व्हायचा.

नाव आलं 1956 साली, 500 तेस्ता रोस्सावर. तिचं इंजिन फेरारीचा अभियंता लाम्प्रेदी याच्या चार सिलिंडरवाल्या कुळातलं. एका रांगेत चार सिलिंडर, त्यामुळे ‘तेस्ता’ हे एकवचन चपखल बसत होतं. पुढच्याच वर्षी, 1957 मध्ये, तेच नाव 250 तेस्ता रोस्साला दिलं आणि तिथे इंजिन होतं फेरारीचाच दुसरा अभियंता जोआकीनो कोलोंबो याच्या घराण्यातलं व्ही-12. बारा सिलिंडर सहा-सहाच्या दोन फळ्यांत, त्यांच्यात 60 अंशांचा कोन, आणि प्रत्येक फळीला वेगळं हेड. व्याकरणाने पाहिलं तर अनेकवचन हवं, ‘तेस्ते रोस्से’! पण नाव एकदा रूढ झालं की डोकी कोण मोजतो.

त्या आकड्यांचीही गंमत आहे. 250 म्हणजे एका सिलिंडरची क्षमता, घनसेंटिमीटरमध्ये, ढोबळमानाने. 500 वाल्या गाडीचं इंजिन चार सिलिंडर मिळून जेमतेम दोन लिटरचं, आणि 250 वाल्याचं बारा मिळून 2953 घनसेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ तीन लिटरचं. नावात मोठी असलेली गाडी प्रत्यक्षात लहान. कोलोंबोच्या घराण्याची सुरुवात तर 125 पासून झाली : 1947 सालचं दीड लिटरचं इंजिन, एका सिलिंडरला 125 धरा. पुढे सिलिंडर रुंद करत, मग स्ट्रोकही (पिस्टनची वरखाली धाव) वाढवत 166, 195, 212, 250, 275, 330 असे आकडे चढत गेले आणि हे घराणं 1980च्या दशकाच्या अखेरीपर्यंत, जवळजवळ पाच लिटरपर्यंत टिकलं. 1958 पासून जागतिक स्पोर्ट्सकार स्पर्धेत तीन लिटरची मर्यादा आली, तेव्हा 250 हे माप नेमकं कामी आलं. फ्रान्समधली ल मान्सची 24 तासांची शर्यत तेस्ता रोस्साने 1958, 1960 आणि 1961 साली जिंकली.

1984 ची ‘तेस्तारोस्सा’ वेगळी. ती जोडून, एका शब्दात लिहायची. तिचं इंजिनही कोलोंबोचं नव्हे, दोन्ही फळ्या सपाट आडव्या असलेलं बारा सिलिंडरचं. दोन्ही नावं एकच समजून केलेली सरमिसळ बऱ्याच ठिकाणी दिसते.

मराठीत भाषांतर करायचंच तर ‘लाल डोकं’पेक्षा बहुव्रीही बरा. डोकं नपुंसकलिंगी, गाडी स्त्रीलिंगी. ‘लालडोकी’ म्हटलं की ‘लालतोंड्या’ माकडाच्या घाटणीचं, आपल्या कानाला ओळखीचं नाव तयार होतं. मूळ नाव ठेवलेलं मला जास्त आवडेल, पण ‘लालडोकी’ला माझी हरकत नाही.

जाता जाता व्युत्पत्ती. लॅटिनमध्ये डोक्याला ‘कापुत’ म्हणत. ‘तेस्ता’ म्हणजे मातीचं भांडं, खापराचा तुकडा. आपण ‘मडकं फुटलं’ म्हणतो तसं लोक थट्टेने डोक्याला तेस्ता म्हणू लागले, आणि थट्टाच मुख्य शब्द होऊन बसली. आपल्याकडेही वेगळं नाही : संस्कृत ‘कपाल’ म्हणजे कवटी आणि खापरही. यज्ञात पुरोडाश (आहुतीची पोळी) भाजायची खापरं ती कपालंच. त्याच शब्दाचं आपलं ‘कपाळ’.