मनीला इन्सुलिन सुरू करताना

ताई, मधुमेह झालेल्या मांजरीला इन्सुलिन टोचायची सुई बारीक असते, मनी जेवताना टोचलीत तरी तिला फारसं कळत नाही. खरं लक्ष सिरिंजकडे द्या. इन्सुलिन एका मिलीलीटरला ४० युनिटचंही मिळतं, १०० चंही. बाटलीवरचा आकडाच सिरिंजवर हवा, नाहीतर डोस अडीचपट चुकतो. डॉक्टर बहुधा दर १२ तासांनी द्यायला सांगतात. जेवली नाही तर टोचण्याआधी त्यांना फोन करा. साखर फार उतरून लटपटली, गळून गेली तर हिरड्यांना मध चोळा आणि थेट दवाखाना गाठा.

कोल्हापूरच्या गंगावेशीतलं दूध कितीही ताजं असो, दूध-भात बंद! मांसाचं ओलं खाणं चांगलं, पण विचारूनच बदला, कारण त्यानं डोस कमी करावा लागू शकतो. मागच्या टाचा टेकवून चालली तर नसांवर परिणाम झालाय समजा. साखर आटोक्यात आली की पुष्कळदा हळूहळू सुधारतं.