भागीचं घोडं आणि एक ओटीपी

"मॅडम, मित्राबरोबर कंपनी काढतोय. लेखी करार करू म्हटलं तर त्याला राग येईल का?"

मी समुपदेशक. वर्षातून आठ-दहा वेळा तरी हा प्रश्न माझ्यासमोर येतो. हिंजवडीत नाहीतर खराडीत दहा वर्षं नोकरी झाली, फ्लॅटचे हप्ते मार्गी लागले, की दोन मित्र बालेवाडीत चहा पिता पिता सॉफ्टवेअर कंपनी काढतात. चार-पाच वर्षांनी त्यांतले काही माझ्याकडे येतात, तेव्हा प्रश्न बदललेला असतो: "वेगळं व्हावं का?" तोवर घरच्या वडीलधाऱ्यांनी 'भागीचं घोडं किवणानं मेलं' ही म्हण चार वेळा ऐकवलेली असते.

गेल्या वर्षी आलेल्या दोघांमुळे मला त्या म्हणीकडेच पुन्हा पाहावं लागलं. त्यांना विचारून, ओळख पुसून लिहिते आहे. एकाला कोथरूडकर म्हणते, दुसऱ्याला चिंचवडकर. एकाच कॉलेजचे, वसतिगृहातल्या एकाच खोलीतले. भोसरी-चाकणच्या छोट्या कारखान्यांसाठी स्टॉक, जॉबवर्कची चलनं आणि जीएसटीची बिलं सांभाळणारं सॉफ्टवेअर बनवतात. कोथरूडकर प्रोग्रॅम लिहितो, चिंचवडकर गिऱ्हाईक आणतो आणि टिकवतो. भागीदारी निम्मी-निम्मी, तीही तोंडी.

"कोड सगळा माझा आहे. साठ टक्के माझे हवेत."

"आणि तो विकला कुणी? उन्हातान्हात चाकणला तू जातोस का?"

सी.ए.नी ५५-४५ सुचवून पाहिलं होतं. दोघांनीही एका दमात नाही म्हटलं. मला शंका आली ती इथे. भांडण खरंच पैशांचं असतं, तर आकडा हाती आल्यावर घासाघीस सुरू झाली असती. इथे कुणी घासाघीसच करत नव्हतं. आकड्यांत अडकलेल्या माणसांना हे दिसत नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. त्यांचं काम वेगळं, माझं वेगळं.

पहिल्या तीन बैठकींत आरोपांपलीकडे फारसं काही हाती लागलं नाही. चौथ्या वेळी चिंचवडकरचा फोन वाजला. बैठकीत फोन बंद ठेवायचा, हा माझा नियम त्याने मोडला होता. चाकणचं गिऱ्हाईक. गाडी भरून गेटवर उभी, आणि माल न्यायला लागणारं ई-वे बिल निघत नव्हतं. चिंचवडकर फोनवर "साहेब, पाच मिनिटं, साहेब, बघतोच" म्हणत राहिला आणि डोळ्यांनी मित्राकडे पाहत राहिला. कोथरूडकर शांतपणे लॅपटॉप घेऊन बाहेरच्या बाकावर गेला. सर्व्हरची डिस्क भरली होती. जुन्या लॉग फाइली काढल्या, काम झालं. अकरा मिनिटं लागली. तेवढा वेळ चिंचवडकर माझ्यासमोर हात चोळत बसला होता. कर्वे रस्त्यावरून मेट्रो गेली, तिच्याकडे त्याने उगाचच पाहिलं.

कोथरूडकर परत आल्यावर चिंचवडकर म्हणाला, "एवढंच होतं ना? पासवर्ड दिला असतास तर मी नाही का केलं असतं? ओटीपीसुद्धा तुझ्याच मोबाइलवर येतो."

"पासवर्ड दिला असता, तर मग माझी गरज काय उरली असती?"

वाक्य तोंडातून गेलं आणि कोथरूडकर स्वतःच दचकला. मी काही बोलले नाही. बावीस वर्षांत मी एक गोष्ट नक्की शिकले आहे: असं वाक्य आलं की समुपदेशकाने आपलं शहाणपण खिशात ठेवावं. मिनिटभराने चिंचवडकरने आपला फोन उलटा करून टेबलावर ठेवला.

"माझंही तेच आहे. एकाही मालकाचा नंबर मी ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्ये टाकलेला नाही. सगळे इथे."

त्या म्हणीतलं घोडं मेलं, कारण त्याची जखम दुसरा पाहील असं प्रत्येकाला वाटलं. माझ्यासमोरच्या घोड्याची अडचण उलटी होती. दोघेही दुसऱ्याला त्याच्या अंगाला हात लावू देत नव्हते. टक्केवारी हा निव्वळ बहाणा होता. 'माझ्यावाचून अडलं पाहिजे, अडलंच पाहिजे; नाही अडलं तर मी कुणीच नाही,' असं दोघंही मनाशी धरून बसले होते. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ वाटेने जाणारी; 'पाहिजेच'चा हट्ट माणसाला त्रास देतो असं ती वाट सांगते, त्यामुळे माझा कान त्या 'च'कडेच असतो.

"गरज संपली तर काय होईल?" मी कोथरूडकरला विचारलं.

"काढून टाकतील."

"कोण काढेल? निम्मी कंपनी तुमची आहे."

तो हसला. मग आपण होऊन वडिलांचं सांगू लागला: पिंपरीच्या कारखान्यात लेथवर होते, संगणकावर चालणारी सीएनसी यंत्रं आली आणि त्यांना स्वेच्छानिवृत्ती घ्यावी लागली. मी बालपण उकरत बसणाऱ्यांतली नाही. ऐकून घेतलं आणि विचारलं, "वडिलांना नोकरी होती. तुम्ही मालक आहात. मग भीती तीच कशी?" पुढच्या दोन बैठकी याच एका प्रश्नावर झाल्या. चिंचवडकरची भीती वेगळी होती. नव्या गिऱ्हाइकांनी इंटरनेटवरूनच सॉफ्टवेअर घेतलं तर चाकणला जाणाऱ्याचं काय, ही. ती अगदीच खोटी नाही, म्हणून तिच्यावर मी मलमपट्टी केली नाही. त्याच्याकडून दोन वर्षांचा आराखडा मात्र करून घेतला.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येते. लेखी मागा, आणि चांगले दिवस असतानाच मागा. मागताना "तुझ्यावर विश्वास नाही" असा सूर लागतो, कारण आपण "तू फसवलंस तर" इथून सुरुवात करतो. "उद्या मी आजारी पडलो तर तुझं अडू नये" इथून करून पाहा. गंमत म्हणजे तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, तरी कायद्याने तुमच्या वतीने लिहून ठेवलेलं आहेच. १९३२च्या भागीदारी कायद्यानुसार, वेगळं ठरलं नसेल तर नफा-तोटा समान आणि कामाबद्दल भागीदाराला पगार नाही. रात्र रात्र जागणाऱ्याला हे फार उशिरा कळतं. कोडचं आणखी वेगळं. कॉपीराइट कायद्यात प्रोग्रॅमचा पहिला मालक सहसा तो लिहिणाराच असतो. नोकरीचा भाग म्हणून लिहिला तर मालकी संस्थेची. भागीदार नोकर नसतो, म्हणून कोड कंपनीचा आहे हे कागदावर आणा. पुढचं वकिलाला विचारा, मला नको.

कोथरूडकर एकदा ॲपलच्या तिसऱ्या भागीदाराला, रोनाल्ड वेनला, मूर्ख म्हणाला होता. वेनचे १० टक्के होते, १९७६च्या एप्रिलमध्ये करार त्यानेच लिहिला आणि १२ दिवसांत ८०० डॉलर घेऊन तो बाहेर पडला. मला तो मूर्ख वाटत नाही. साध्या भागीदारीत कर्ज झालं तर भागीदाराच्या घरादारावर येतं, आणि तिघांत गमावण्यासारखं काही होतं ते त्याच्याकडेच. आपली झोप किती रुपयांना उडते, हे त्याला ठाऊक होतं. करार करण्याआधी दोघांनी एकमेकांना हा आकडा सांगावा. (आपल्याकडे २००८च्या कायद्याने मर्यादित दायित्वाची भागीदारी आली, तिने ही भीती बरीच कमी केली.)

कोथरूडकर-चिंचवडकरांचे टक्के शेवटी निम्मे-निम्मेच राहिले. बदललं ते एवढंच: सर्व्हरचे पासवर्ड दोघांकडे, गिऱ्हाइकांची यादी ऑफिसात, आणि महिन्यातून एक दिवस एकाने दुसऱ्याचं काम करायचं. कोथरूडकर पहिल्यांदा चाकणला गेला, तेव्हा मालकाने त्याला पाऊण तास बाहेर बसवून ठेवलं. परत आल्यावर तो बराच वेळ गप्प होता म्हणे.

मे महिन्यात तो सहा वर्षांत पहिल्यांदा फोन बंद करून चार दिवस गुहागरला गेला. दुसऱ्याच दिवशी मला चिंचवडकरचा फोन.

"मॅडम, डिस्क परत भरली होती. मी काढल्या फाइली. वीस मिनिटं लागली, पण झालं."

"छान की!"

"त्याला सांगू की नको? वाईट वाटेल त्याला."

"सांगा. पण तो परत आल्यावर."