मेलची गर्दी आणि मागे पडणारा डेटाबेस

प्रश्न : आमच्या मुख्य कार्यालयात मेल सर्व्हर आणि पोस्टग्रेस या प्रणालीवरचा मुख्य डेटाबेस आहे, तर शाखेत त्याची स्टँडबाय, म्हणजे सतत अद्ययावत होणारी राखीव प्रत. मध्ये सेकंदाला ५० मेगाबिटची एकच लिंक. सकाळी शाखेतील कर्मचारी मेल उघडू लागले की स्टँडबाय काही मिनिटे मागे पडतो. रेप्लिकेशनला, म्हणजे मुख्य डेटाबेसमधील बदल प्रतीकडे पाठवण्याला, सर्वोच्च प्राधान्य द्यावे का?

उत्तर : रेप्लिकेशनचा वाटा राखून ठेवावा, पण त्याला सर्वोच्च प्राधान्य देऊ नये. या दोहोंतील फरक नीट समजून घेणे महत्त्वाचे आहे.

समजा, २० मेगाबाइटची एक फाइल चाळीस जणांना मेलने गेली. मेलमध्ये जोडलेली फाइल अक्षररूपात बदलून जाते, त्यामुळे ती साधारण एक तृतीयांशाने फुगून २७ मेगाबाइटची होते. चाळीस जणांनी ती एकाच वेळी उतरवली, तर सुमारे १,०८० मेगाबाइट, म्हणजे आपली पूर्ण लिंक जवळजवळ तीन मिनिटे व्यापली जाते. त्याहून मोठी अडचण अशी, की टीसीपी हा डेटा पोहोचवणारा नियमसंच लिंकची वाटणी ढोबळमानाने जोडण्यांच्या संख्येनुसार करतो. मेलच्या चाळीस जोडण्या आणि रेप्लिकेशनची एकच, म्हणून डेटाबेसच्या वाट्याला जेमतेम सव्वा मेगाबिट येतो.

डेटाबेसची खरी गरज किती, हे आधी मोजावे. पोस्टग्रेसची प्रत्येक वॉल फाइल (बदलांचा लॉग; रेप्लिकेशनमध्ये हाच प्रतीकडे जातो) सहसा १६ मेगाबाइटची असते. गर्दीच्या तासात अशा २२५ फाइल तयार होत असतील, तर सेकंदाला सरासरी एक मेगाबाइट, म्हणजे आठ मेगाबिटांहून थोडे अधिक लागतात. सरासरीपेक्षा क्षणिक उसळी मोठी असते, हे धरून अशा डेटाबेससाठी मी १५ मेगाबिट राखून ठेवीन. रेप्लिकेशन शांत असताना हा वाटा मेलला वापरता यावा आणि मेल शांत असताना रेप्लिकेशनलाही पुढे जाता यावे, अशीच रांगांची रचना राऊटरवर करावी.

सर्वोच्च प्राधान्याची रांग आवाजासारख्या लहान, मोजक्या प्रवाहासाठी असते. लिंक तासभर बंद राहून पुन्हा सुरू झाली, की रेप्लिकेशन साचलेला सगळा लॉग मिळेल त्या वेगाने पाठवू लागते. त्या रांगेवर मर्यादा घातलेली नसेल, तर तोवर शाखेतील मेल ठप्प होतो. राऊटरला प्रवाह ओळखता यावेत म्हणून पॅकेटांवर लावायच्या खुणांपुरते सांगायचे, तर रेप्लिकेशनला एएफ२१ आणि मेलला एएफ११ ही डीएससीपी खूण पुरेशी आहे. केवळ ५४३२ या पोर्टवरून (पोस्टग्रेसच्या जोडणीच्या क्रमांकावरून) रेप्लिकेशन ओळखू नये, कारण शाखेतील सामान्य क्वेरीही त्याच पोर्टवरून येतात; दोन्ही सर्व्हरचे आयपी पत्तेही नियमात घालावेत.

मेलला मागे ठेवण्यात अन्याय नाही. सर्व्हर-ते-सर्व्हर मेल मुळातच थांबून जाणारा आहे. पोहोचला नाही, तर अर्ध्या तासाने किंवा अधिक काळाने पुन्हा प्रयत्न करावा आणि चार-पाच दिवस चिकाटी सोडू नये, अशी एसएमटीपी या मेल पाठवण्याच्या पद्धतीच्या मानकाची शिफारस आहे. माणूस समोर बसून मेल वाचतो तो प्रवाह मात्र वेगळा, त्याला थोडा वाटा अवश्य द्यावा.

आता सर्वांत जास्त वेळा राहून जाणारी गोष्ट. लिंक देणाऱ्या सेवादात्याचे जोडणीचे पोर्ट १०० मेगाबिटचे आणि करार ५० चा असेल, तर आपल्या राऊटरला गर्दी दिसतच नाही. पॅकेटे सेवादात्याच्या उपकरणात साचतात किंवा गळतात, आणि तिथे आपले प्राधान्यक्रम लागू नसतात. म्हणून मुख्य कार्यालयाच्या राऊटरवरच बाहेर जाणारी वाहतूक ४७-४८ मेगाबिटवर शेप करावी (त्या वेगापुरती रोखून धरावी), म्हणजे रांग आपल्या हाताखाली तयार होईल. हे न करता केलेली बाकी मांडणी कागदावरच राहते.

प्रश्न : १,२०० किलोमीटरवरील केंद्राशी सिंक्रोनस, म्हणजे प्रतीची पोचपावती येईपर्यंत थांबणारे रेप्लिकेशन मंद आहे. प्राधान्य वाढवून उपयोग होईल का?

उत्तर : फारसा नाही. प्राधान्याने रांगेतील थांबणे कमी होते, अंतर नाही. फायबरमध्ये प्रकाशाला किलोमीटरमागे सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात, म्हणून जाऊन-येऊन किमान १२ मिलिसेकंद, आणि प्रत्येक कमिट (बदल कायम करण्याची क्रिया) तेवढा वेळ पोचपावतीसाठी अडून राहतो. एकामागून एक कमिट करणारे एक सेशन त्यामुळे सेकंदाला ८३ च्या पुढे जाऊ शकत नाही. जवळच्या केंद्रात सिंक्रोनस प्रत आणि दूरच्या केंद्रात असिंक्रोनस, म्हणजे पोचपावतीसाठी न अडवणारी प्रत ठेवावी.