प्रश्नावली पाठवण्याआधी मकरपुऱ्याला जा

अगं, तुझा आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा पीएचडीचा प्रस्ताव वाचला. सगळा देशांच्या सरासरीवर उभा आहे, तेच खटकलं. हॉफस्टेड या डच संशोधकाचे देशोदेशींच्या संस्कृतीची तुलना करणारे आकडे मुळात आयबीएमच्या कर्मचाऱ्यांच्या उत्तरांतून आले, तेही 1967 ते 1973 मधले. ते आज बडोद्याच्या व्हॉल्व्हवाल्याला कसे लावणार? कंपन्या परदेशी बाजारात टप्प्याटप्प्याने कशा शिरतात ते सांगणारं 1977 चं उप्साला मॉडेलही स्वीडिश कंपन्या पाहून रचलेलं. टाकाऊ नाही हं, पण इथे तपासून बघ.

दांडिया बाजारातून सकाळीच निघ, मकरपुरा जीआयडीसीतल्या, म्हणजे बडोद्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या, एखाद्या शेडमध्ये दिवसभर बस. एक्स्पोर्टची जुनी फाइल माग. पहिली ऑर्डर कुणाच्या ओळखीने आली, माल का परत आला, एलसीचे (बँकेच्या हमीपत्राचे) पैसे कधी सुटले, सगळं विचार. मालकाइतकंच फिटरलाही विचार. मी माझ्या वेळी विचारलं नाही, ते अजून सलतं.