लाल टेस्टचा ढीग आणि एआय एजंट: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमची जळगावात सहा जणांची टीम आहे. केळी व्यापाऱ्यांसाठी काटापट्टीपासून (मालाच्या वजनाची पावती) शेतकऱ्याच्या पेमेंटपर्यंतचं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. रात्री प्लेराइटच्या (ब्राउझर आपोआप चालवून सॉफ्टवेअर तपासणारं साधन) चारेकशे टेस्ट चालतात आणि सकाळी साठ-सत्तर लाल, म्हणजे फेल, असतात. एआय एजंटला (स्वतः फाइल वाचून, कमांड चालवून काम करणारा एआय) त्या रनचा अख्खा लॉग, म्हणजे सगळ्या नोंदी, दिला, तर त्याने बारा पानी अहवाल लिहिला. आधी हात कशाला घालायचा, ते तरीही कळेना.

उत्तर : अख्खा लॉग दिलात तिथेच चुकलं. भरताची आणि भाजीची वांगी एकाच पाटीत ओतून भाव विचारण्यातला हा प्रकार. निवड आधी करा, आणि त्यासाठी एआय लागत नाही, पन्नास ओळींची स्क्रिप्ट पुरते.

रिपोर्ट जेसन (स्क्रिप्टला वाचता येईल अशा) स्वरूपात घ्या आणि रीट्राय, म्हणजे पडलेली टेस्ट पुन्हा चालवण्याच्या खेपा, २ ठेवा. पहिल्यांदा पडून नंतर पास झालेल्या टेस्टवर प्लेराइट स्वतःच ‘फ्लेकी’ (लहरी) असा शिक्का मारतो; त्या बाजूला काढा. उरलेल्या प्रत्येक फेलचा ठसा बनवा: एररचा प्रकार, आकडे-तारखा-आयडी पुसलेला एररचा मजकूर आणि स्टॅक ट्रेसमधली (एरर कोडच्या कोणत्या ओळींतून आली, त्याची यादी) तुमच्या स्वतःच्या कोडची पहिली ओळ. आकडे पुसायचे, कारण ‘पट्टी क्र. ४५१२ सापडली नाही’ आणि ‘पट्टी क्र. ४५१३ सापडली नाही’ हे दोन वेगळे दोष नव्हेत. एवढ्याने साठ फेलचे बहुधा सात-आठच गट उरतात.

आता एजंटला एका वेळी एकच गट द्या. सोबत नमुन्याची एक टेस्ट, तिचा ट्रेस (टेस्टच्या प्रत्येक पायरीची नोंद), स्क्रीनशॉट आणि सगळ्या टेस्ट शेवटच्या पास झाल्या त्यानंतरच्या कमिटची, म्हणजे कोडमध्ये नोंदवलेल्या बदलांची, यादी. फाइल वाचणं, गिटचा (कोडमधले बदल नोंदवणारं साधन) इतिहास पाहणं आणि एक टेस्ट पुन्हा चालवणं, एवढीच परवानगी या टप्प्यावर ठेवा; कोड लिहिण्याची नको. उत्तरही ठरलेल्या साच्यात मागा: दोष प्रॉडक्टचा, टेस्टचा, डेटाचा की सर्व्हरचा, पुरावा कोणत्या फाइलच्या कितव्या ओळीत, आणि हे खोटं ठरवायचं तर काय चालवून पाहावं. पुरावा नसेल तर ‘ठरवता येत नाही’ असं लिहायला स्पष्ट सांगा, नाहीतर तो ठोकून देतो. कमिटवर संशय असेल तर गिट बायसेक्ट (कमिटची यादी दर फेरीला अर्धी करत दोषी शोधणारी कमांड) चालवायला लावा. सोळा कमिट असले तरी चार फेऱ्यांत दोषी सापडतो.

प्राधान्य मात्र एजंटवर सोडू नका. लाल टेस्टच्या संख्येवरून तर मुळीच ठरवू नका. समजा, एका गटात ३८ टेस्ट आहेत आणि सगळ्या लॉगिनच्या सेटअपवर अडकल्या, कारण टेस्ट सर्व्हरवरच्या युजरचा पासवर्ड संपला. दुसऱ्या गटात एकच टेस्ट आहे: गाडीचं वजन १२,३४५ किलो, म्हणजे १२३.४५ क्विंटल, भाव १,४५० रुपये. रक्कम यायला हवी १,७९,००२.५० रुपये, आली १,७८,९३०. कोणीतरी क्विंटलचा दुसरा दशांश कापला आणि शेतकऱ्याचे एका गाडीमागे साडेबहात्तर रुपये गेले. खरा दोष हाच.

गुणांची साधी पद्धत वापरा. पैशाचं गणित चुकतं किंवा डेटा हरवतो, ५; काम अडतं, ३; नुसतं दिसायला वाईट, १. पर्यायी वाट नसेल तर आणखी २. दोष याच आठवड्याच्या बदलातून आला असेल तर बेरीज दुप्पट, कारण तो अजून ग्राहकापर्यंत पोचलेला नसतो आणि ज्याने केला त्याला आठवतोही. लॉगिनचा गट या यादीत बसवूच नका. अर्ध्या तासात सुटणार असेल तर तो सगळ्यात आधी उरका, कारण त्या ३८ टेस्टच्या मागे काय दडलंय ते तोवर दिसत नाही.

प्रश्न : ‘आजच्या पट्ट्या’ ही टेस्ट रात्री दोनच्या रनमध्ये हमखास पडते, दिवसा पास होते. एजंट दरवेळी टाइमआउट (टेस्टने वाट पाहण्याची मर्यादा) वाढवा म्हणतो. ५ सेकंदांचे ३० केले, तरी तेच. (धुळे)

उत्तर : ‘टाइमआउट’ शब्द दिसला की एजंटची धाव तिकडेच. ट्रेस उघडून बघा: यादी लोड झालेली असेल, फक्त तिच्यात ओळी शून्य. आलेल्या पानाची वाट किती पाहणार? शिवाय रीट्रायमध्येही पडते, म्हणजे ही फ्लेकी नाही.

दोष बहुतेक घड्याळाचा आहे. सीआयची (टेस्ट आपोआप चालवणारी यंत्रणा) मशीन सहसा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, चालतात आणि आपण साडेपाच तास पुढे. मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत तिकडे ‘काल’च असतो. पट्टीवर एका घड्याळाची तारीख पडते, यादी दुसऱ्याच्या तारखेने गाळली जाते. प्लेराइटच्या कॉन्फिगमध्ये टाइमझोन एशिया/कोलकाता द्या, पण तेवढ्यावर थांबू नका; तो फक्त ब्राउझरचा झाला. सर्व्हर ‘आज’ कुठून घेतो ते एजंटला शोधायला लावा आणि सर्व्हरच्या घड्याळात ११:४५, १२:१५, ५:१५, ५:४५ या रात्री-पहाटेच्या भारतीय वेळा घालून टेस्ट चालवा. मधल्या दोनच पडल्या तर निदान पक्कं. मग हा टेस्टचा नव्हे, प्रॉडक्टचा दोष: पहाटे चारला गाडी भरणाऱ्यालाही त्याची पट्टी दिसत नसणार.

प्रश्न : एजंटलाच दुरुस्ती करून ती मर्ज, म्हणजे मुख्य कोडमध्ये सामील, करू द्यावी का? (नंदुरबार)

उत्तर : वेगळ्या ब्रँचवर (कोडच्या वेगळ्या प्रतीवर) दुरुस्ती करू द्या, मर्ज माणसानेच करावं. एकाच बदलात टेस्टची फाइल आणि प्रॉडक्टची फाइल दोन्ही आल्या, अपेक्षित आकडा बदलला, तपासणीची ओळ गेली किंवा ‘स्किप’ (टेस्ट न चालवता वगळण्याची खूण) आलं, तर तो बदल सीआयनेच परत पाठवावा. प्लेराइटसोबत २०२५ पासून मिळणारा ‘हीलर’ एजंट पडलेली टेस्ट दुरुस्त करतो. सुविधाच मोडली आहे असं त्याला वाटलं तर ती टेस्ट स्किप करून ठेवतो. रन हिरवा दिसतो आणि दोष तसाच राहतो. त्यामुळे स्किपची यादी रोज सकाळी वाचा. आणि लॉग बाहेर पाठवण्याआधी त्यातले मोबाइल, आधार, बँक खात्याचे नंबर झाकायला विसरू नका. टेस्ट डेटा म्हणून खऱ्या शेतकऱ्यांचीच यादी चढवलेली असते.